आत्याचा जास्तीचा पीळ

माझ्या आत्याला घाबरायला निमित्त लागत नाही. दाराची बेल जरा जोरात वाजली तरी ही हातातलं टाकून उठते. पण सायकलच्या चाकाची भीती मात्र खरी होती. टेकडीच्या उतारावर आतोबांच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा कोन, म्हणजे छर्रे जागेवर धरणारा निमुळता नट, सैल होऊन चाक डगमगलं, ते पडले आणि त्यांचा गुडघा कायमचा आखडला. तेव्हापासून ‘सैल’ हा शब्द घरात शिवीसारखा झाला. आणि तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, रोज तोच उतार उतरून टेकडीपलीकडच्या दवाखान्यातून घरी यायची.

म्हणून दर रविवारी ताईचं चाक आत्याच्या मांडीवर. ती चाकाच्या मधल्या हबचा दांडा काढायची, छर्रे केसांच्या आकड्यानं उचलून रॉकेलमध्ये धुवायची, नवं ग्रीस भरून एकेक परत बसवायची. मग कोन बोटांनी टेकवायचा, किंचित मागे घ्यायचा, पातळ पान्यानं धरून तो हलू नये म्हणून त्यावर चेकनट आवळायचा. चाक हलकं फिरे, डुगडुगत नसे. दुसरं कोणीही इथं हात पुसून उठलं असतं. पण आत्या मूळची शिवणकाम करणारी. प्रत्येक बटणाला शेवटी एक टाका जास्तीचा घालायची तिला खोड. तशीच ती कोनालाही एक पीळ जास्तीचा द्यायची.

“आत्या, जड फिरतंय आता,” मी म्हणायचो.

“फिरू दे जड. निखळलं तर काय करशील?”



एका रविवारी ताईला ड्यूटी होती. चाक आवळून झालं, ती गेली. मग आत्यानं आतोबांची जुनी सायकल घेतली. ती आता मी वापरतो, तिचं चाकही आत्याच आवळते, आणि ते खरखरत होतं. आत्यानं हब उघडला. ग्रीस काळं पडलेलं, छर्र्यांची चकाकी गेलेली, कोनावर खड्डेच खड्डे.

“अहो, हे तर परवा परवा नवे घातले होते!”

आतोबा खाटेवरून हसत म्हणाले, “आवळून आवळून मारलेस बिचाऱ्यांना. त्यांना फिरायला जागा नको?”

आत्या हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे तिचं चाकही... उतारावर अडकलं तर?”

ताईचा फोन कामाच्या वेळी कुलपात असतो. आत्यानं लावून पाहिला, नुसताच वाजत राहिला. मग आम्ही दोघं उताराच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो. अंधारून येत होतं. ग्रीसनं माखलेल्या हातानं तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. वरून एखादा दिवा दिसला की ती श्वास रोखायची, सायकल दुसऱ्याची निघाली की सोडायची. तिला चिडवायची सवय असलेला मीही त्या संध्याकाळी एकेक दिवा मोजत उभा होतो.

शेवटी ताई आली, नेहमीच्याच वेगानं. आम्हाला पाहून तिनं करकचून ब्रेक दाबला. “बाबांना काही झालं का?”

 आत्यानं हँडल धरून पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं, थांबेचना.

“हे मी आवळलं होतं,” आत्या म्हणाली.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून दोन पाने काढले. “तू आवळतेस. मी घरापुढच्या वळणापलीकडे थांबून परत सैल सोडते.”

“कधीपासून?”

“बाबा पडल्यापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू आवळल्याशिवाय मला जाऊ दिलं असतंस?”

 घरापर्यंत सायकल आत्यानं ताईच्या हातात दिली नाही.

पुढच्या रविवारीही ताईला ड्यूटी होती. आत्यानं चाक बांधलं. चेकनट आवळला. सवयीनं पाना पुन्हा कोनाकडे गेला, पण जास्तीचा पीळ न देता तिनं तो खाली ठेवला. ताई निघाली. आत्या अनवाणीच तिच्यामागे वळणापर्यंत धावली, मी तिच्यामागे. भिंतीआडून आम्ही पाहिलं. ताई थांबली नाही. पाठमोरी, सरळ टेकडीकडे निघून गेली.

“नाही थांबली रे,” आत्या म्हणाली आणि तिनं पुन्हा माझं मनगट धरलं.