चरबी व्हायचं की हाड?

आमच्या यवतमाळच्या लॅबमधून रिसर्च पेपर कमी निघतात, किस्से जास्त. पेपर परत येतात, किस्से कोणी परत पाठवत नाही!

काम मूळपेशींचं. हाडाच्या मगजातली ही पेशी पुढे हाड होऊ शकते, नाहीतर चरबी. तिचं हे कशावरून ठरतं, ते आम्ही बघतो. आम्ही म्हणजे सर, मी आणि फुलसावंगीकडच्या तांड्यावरची सुनीता.

*

मगज बकऱ्याच्या हाडातून काढतो. मटणाच्या दुकानात सुनीता म्हणाली, "चाचा, ताजं हाड द्या. आतल्या पेशी जिवंत पाहिजेत."

चाचांनी सुरा खाली ठेवला. "बेटी, बकराच गेला. आता जिवंत काय शोधून राह्यली?"

*

पेशी आम्ही जेलीसारख्या थरावर, म्हणजे जेलवर, वाढवतो. मऊ जेलवर ठेवलेल्या पेशी चरबीकडे वळतात, कडक जेलवरच्या हाडाकडे. हे मी घरी आईला सांगितलं. माझा धाकटा भाऊ भरदुपारी गादीवर लोळत होता.

आई कडाडली, "उठ रे! फरशीवर बस!"

*

पेशींचा इनक्युबेटर सदतीस डिग्रीवर लागतो. मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला आणि आतलं तापमान चढायला लागलं. कंपनीला फोन केला. तिकडून सल्ला आला, "हीटर चेक करा."

सर भडकले. "हीटर कायले? इथं अख्खा जिल्हाच हीटर आहे!"

*

एकदा कडक जेलवरच्या पेशींवर माझ्या हातून चुकून चरबी बनवणारं औषध पडलं. काही हाड झाल्या, काही चरबी.

"सर, ह्या ऐकेनात."

"कोणाचं ऐकतीन? बाप म्हणते शेती कर, मास्तर म्हणते डॉक्टर हो!"

*

सुनीताच्या बाचा पाय मोटारसायकलवरून पडून मोडला. ऑपरेशन झालं, रॉड टाकला. आता पायावर थोडा भार द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण बा पाय टेकवेनात. "पुन्हा मोडला तर? पेरणी कोण करीन?" सुनीता रडकुंडीला आली.

तपासणीला यवतमाळला आणलं तेव्हा ती त्यांना व्हीलचेअरवरून लॅबमध्ये घेऊन आली. मी मायक्रोस्कोप लावून दिला. कडक जेलवर, रंग टाकल्यामुळे, हाडाचे लाल ठिपके दिसत होते.

"पेशी खालची जागा ओढून पाहते, बा," सुनीता म्हणाली. "कडक लागली की हाड व्हायला लागते."

बा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "वॉकर आण."

दुखरा पाय त्यांनी हळूच फरशीवर टेकवला. कपाळावर घाम आला, पण उभे राहिले. सुनीतानं धावत जाऊन दंड धरला.

"सोड वं," बा म्हणाले. "आतल्या पेशीयले कळू दे, खाली जमीन आहे."