तिसऱ्या वळणावरचा चर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — पण सुरुवात माझ्या फजितीपासूनच करावी लागेल.

अधिक महिन्यात सासरी, विट्याकडं, धोंड्याचं जेवण होतं. जावई म्हणून पाटावर बसलो, सासूबाईंनी निरांजन उचललं — आणि अंगणातली माझी छोटी जीप हळूहळू मागं सरकत उकिरड्यात जाऊन बसली. हँडब्रेक ओढायचा राहिला होता. कपाळाला कुंकू, डोक्यावर नवी टोपी आणि मी शेणात उतरून गाडी ढकलतोय! धाकटा मेहुणा सुहास ओरडला, "दाजी, ओवाळायचं कुणाला? तुमाला का जीपला?" सगळी भावकी हसली. माझी बायकोसुद्धा.

मीही हसलो. आतून मात्र... एवढंसं हसणं माणूस किती दिवस जपून ठेवतो, ठाऊक आहे?

सुहासचं सांगलीत गॅरेज. घाटातल्या शर्यतीसाठी त्यानं स्वतः गाडी बांधली होती — सळयांचा सांगाडा, एकच सीट, बूड जमिनीपासून चार बोटं वर. डांबरी चढ दिसला की सुसाट सुटायची. माझी जीप म्हणजे शेळी. वेग नाही — पण दगड असो, खड्डा असो, पाय टाकत वर.

शर्यत जवळ आली तसा त्याचा फोन आला, "दाजी, सरावाला तुमच्या उंब्रजकडं मोकळा घाट हाय का?"

होता. आदल्याच दिवशी मी आणि बायको त्या घाटानं देवाला जाऊन आलो होतो. तिसऱ्या वळणापलीकडं पाइपलाइनीसाठी रस्त्यात आडवा चर खणलेला. जीपनं एक उडी मारली, बायकोच्या डोक्याला टेंगूळ आलं, संपलं. पण चार बोटांची गाडी?

"ये की," मी म्हणालो. "कालच वरपर्यंत जाऊन आलोय. रस्ता लोण्यासारखा हाय."

बोलताना डोळ्यांपुढं उकिरडा होता. त्याची गाडी अडकेल, मी जीपनं ओढून आणीन, मग मी हसेन — एवढंच होतं मनात? तेवढ्या वेगात काय होतं, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. आणि गोड लागत होतं.

घाटाच्या खाली उभा राहून मी त्याच्या गाडीचा आवाज ऐकत होतो. पहिलं वळण. दुसरं. मग पत्रा फाटावा तसं काहीतरी — आणि शांतता.

गाडीचं बूड फाटलं. सुहासचं उजवं मनगट मोडलं. मीच त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं — तिथं हँडब्रेक आठवणीनं ओढला. शर्यत गेली, गाडी भंगारात गेली, मनगट पुन्हा पहिल्यासारखं वळलं नाही.

दवाखान्यात बायकोनं विचारलं, "आवं, चर हाय म्हणून त्याला सांगितलं हुतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "सांगितलं हुतं की."

ती भावावर कडाडली, "दाजींनी सांगूनबी ऐकलं न्हाईस?"

सुहासनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "चुकलंच आक्का माझं."

घरी येताना ती शेजारी बसून डोळे पुसत होती. म्हणाली, "लय हट्टी हाय बघा. तुमच्यासारखा दाजी हाय, म्हणून निभावतंय त्याचं."