पप्पांचा कडक स्प्रिंगचा चाकू

मंडळी, आज दुपारी गॅलरीतल्या उबदार उन्हात माझा डोळा लागत होता, तेवढ्यात 'टक्' असा आवाज आला.

हाताचं प्लास्टर निघाल्यापासून पप्पांच्या अंगठ्यात जोर नव्हता. तरी हट्टाने त्यांनी घडीचा नवा चाकू आणला. स्प्रिंग इतकी कडक, की पातं मलाही उघडेना. त्यांनी चाकूच्या सांध्यात खोबरेल सोडलं, तर ते नाशिकच्या थंडीत गोठलं! मग रोज चाकू उन्हात ठेवायचा आणि उघडायची खटपट करत बसायचं.

आज त्यांनी तो उघडला, पेरू कापला आणि पात्यावरूनच पहिली फोड मला दिली. "स्प्रिंग मोकळी झाली बघ, बाळा."

चाकू मिटून ते तिथेच पेंगले. मी हळूच उघडायला गेले. पातं अजूनही जागचं हलेना.

उठल्यावर सांगू का त्यांना?