फिट: आमच्या घरचा शब्द

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांमध्ये मला सगळ्यात जास्त कौतुक कुणाचं असेल तर ते ‘फिट’चं. टेबल, पेन, बस हे बिचारे जसे आले तसेच राहिले. फिट मात्र घरोघर हिंडला आणि जाईल तिथे कामाला लागला. आमच्याकडे तर तो घरच्या माणसासारखाच होता, कारण पप्पा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. रोज नाशिक रोडहून कंपनीच्या बसने जायचे आणि संध्याकाळी आले की घरातलं काय काय सैल आहे ते बघत फिरायचे. गॅसचा रेग्युलेटर, डब्याचं झाकण, आमच्या सायकलची चेन. हात लावून, हलवून बघितल्याशिवाय ‘फिट आहे’ म्हणायचे नाहीत.

पाहुण्यांनी तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं, एकदम फिट. मला गणितातलं सूत्र आठवलं नाही तर पप्पा माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचे, ‘इथं फिट कर.’ सण आला की आईचा जुना ब्लाऊज इतका फिट व्हायचा की ती श्वास रोखूनच फोटो काढून घ्यायची. धाकटी बहीण पुढे शिवणकाम शिकली, आणि तिच्या हातच्या फिटिंगसाठी पंचवटीहून बायका रिक्षा करून आमच्या कॉलनीत यायला लागल्या. एवढासा शब्द, पण राबायचा किती!

त्याचा एकच अर्थ आमच्या घरात तोंडातून काढायची बंदी होती. बहिणीला फिट यायची.

सातवीत असताना शाळेच्या मैदानावर ती पहिल्यांदा पडली. त्या दिवसापासून आईने त्या गोष्टीचं नाव ‘चक्कर’ ठेवलं. शेजारणींना चक्कर, शाळेतल्या बाईंना चक्कर, मामाला फोनवर चक्कर. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. आजूबाजूच्या टोचणाऱ्या वस्तू बाजूला करा, तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घट्ट दाबून धरू नका. आईने मान डोलावली आणि घरी येऊन तिच्या दप्तरात एक कांदा ठेवला.

आमच्या भागात फिट आली की बुक्कीने कांदा फोडून नाकाशी धरतात. कांदा मिळाला नाही तर चप्पल हुंगवतात. आईचा त्यावर इतका विश्वास होता की दप्तरातला कांदा पुढे पर्समध्ये गेला आणि शिलाई मशीनच्या खणातही दोऱ्यांच्या रिळांशेजारी एक बसला. बहीण शुद्धीवर यायची तेव्हा तिचे डोळे चुरचुरत असायचे, नाकात कांद्याचा रस गेलेला असायचा आणि वर दहा तोंडं वाकून बघत असायची. ती मला म्हणायची, ‘ताई, फिटचं मला काही नाही गं. ती येते आणि जाते. ह्या कांद्याचा आणि ह्या गर्दीचा वैताग आलाय.’

गोळ्या नियमित सुरू झाल्यावर फिट क्वचितच यायला लागली. मग लग्नाचं बघायला सुरुवात झाली. आधीच्या एका स्थळाला पप्पांनी खरं सांगितलं होतं, तर त्यांनी चहासुद्धा पुरता घेतला नाही. त्यामुळे चांदवडकडचं स्थळ आलं तेव्हा आईने आम्हा सगळ्यांना बजावलं, ‘ह्या वेळी कुणी तोंड उघडायचं नाही.’ मुलगा घरची कांद्याची शेती बघून हायवेवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. बहिणीला तो आवडला होता. दोघं फोनवर बोलायला लागली होती आणि ती मशीनवर बसून गुणगुणायची. म्हणून तर मला आईचा जास्तच राग येत होता. मी तिला तोंडावर म्हटलं, ‘लपवून लग्न लावलंस तर ती तिथे आयुष्यभर धास्तीत राहील.’ आई म्हणाली, ‘आणि सांगून इथंच राहिली तर?’

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाची आई उंच, उन्हाने रापलेली, डोक्यावरचा पदर सावरत मोकळं बोलणारी बाई होती. तिने सहज विचारलं, ‘पोरीची तब्येत-बिब्येत बरी हाय ना?’

‘एकदम फिट आहे,’ आई घाईने म्हणाली.

बहिणीने चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, ‘मला फिट येते. सातवीपासून. रोज गोळी घेते, त्यामुळे आता फार कमी येते. यांना मी कालच फोनवर सांगितलंय, पण तुम्हीही माझ्याकडूनच ऐकावं असं मला वाटलं.’

मुलगा मान वर करून आपल्या आईकडे बघत होता. तिने ट्रेमधला कप उचलला. त्यांनी चहा मात्र पूर्ण घेतला, घरी बोलून कळवतो म्हणाले आणि गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. पप्पा उगाचच दाराची कडी हलवून बघत बसले. मला बहिणीचा इतका अभिमान वाटत होता, आणि तिची इतकी काळजी, की मी नुसतीच कपबशा विसळत राहिले.

पुढच्या आठवड्यात मुलाची आई एकटीच एसटीने आली. हातात कांद्यांनी भरलेली जड पिशवी होती. पाणी प्यायली आणि थेट बहिणीला म्हणाली, ‘लग्नाचं मागून बोलू. आधी मला दाखव, फिट आली तर काय करायचं. पोराचं काय, तो दुकानावर असंल. घरात मीच राहनार तुझ्याजवळ.’

बहीण गोंधळली. मग तिने मधल्या खोलीत चटई अंथरली आणि आडवी झाली. ती बाई पदर खोचून शेजारी बसली.

‘दातात चमचा?’

‘नाही.’

‘पानी?’

‘पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नाही. फक्त असं कुशीवर वळवायचं. आणि लवकर थांबली नाही तर सरळ दवाखाना.’

‘आन कांदा?’

‘कांदा तर अजिबात नाही.’

‘मंग एवढा आनलाय त्याचं काय करू?’

‘भाजी,’ बहीण पडल्या पडल्या म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. पण त्या बाईने शिकणं सोडलं नाही. एका हाताने खांदा, दुसऱ्या हाताने कंबर धरून तिला पुन्हा पुन्हा वळवून बघितलं. शेतात राबलेले ते दणकट हात इतक्या बेताने चालत होते की मी दारातून बघतच राहिले. लग्नाआधी सासूने सुनेची पारख करायची असते, असं ऐकत मी मोठी झाले. इथे सासूच आपल्याला हे जमेल का ते आजमावत होती. स्वतःचं समाधान झाल्यावर ती उठली आणि आईला म्हणाली, ‘जमतंय मला. बोला आता.’

लग्न कॉलनीतल्या विहारात झालं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे चांदवडला गेलो होतो. कांदा साठवायची चाळ भरणं चालू होतं. बायका सावलीत बसून मोठा कांदा आणि बारीक गोल्टी वेगळी करत होत्या. बहीण बोलता बोलता थांबली आणि आडवी पडली. कितीतरी दिवसांनी आलेली फिट होती. बायका धावल्या, कुणीतरी चप्पल काढली. आईने तर समोरच्या ढिगातला कांदा बुक्कीने फोडलासुद्धा होता.

‘मागं सरा समद्या. वारं येऊ द्या तिला,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घडी करून सारला आणि शेजारी बसून राहिल्या. फिट थांबली तरी हात खांद्यावरच होता. आई फोडलेला कांदा घेऊन तशीच उभी होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघून हात पुढे केला. ‘द्या ताई तो इकडं. भाजीत टाकू.’

आईने कांदा दिला आणि लेकीच्या पायाशी बसली.

थोड्या वेळाने बहिणीने डोळे उघडले. ते चुरचुरत नव्हते. तिने आधी सासूला ओळखलं, मग आईला. तेवढ्यात शेजारच्या शेतातली एक बाई बांधावरून ओरडून विचारत होती, काय झालं, काय झालं म्हणून. मी आईकडे बघितलं. आता तिच्या तोंडून ‘चक्कर’ येणार, मला माहीत होतं.

आईने तळहाताला लागलेला कांद्याचा रस लुगड्याला पुसला.

‘माझ्या लेकीला फिट आली होती,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘आता बरी आहे.’