बारवेत उतरायची तालीम

बर्फ आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. तेरच्या बाजारात उन्हाळ्यात रंगीत गोळा मिळायचा, तेवढीच काय ती ओळख. आणि आमचे हे लष्करातनं दोन महिन्यांच्या रजेवर आले ते सांगायला लागले, की पायांना दोन लांब फळ्या बांधायच्या आणि बर्फाच्या डोंगरावरनं घसरत खाली यायचं, त्याला स्कीइंग म्हणतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "घसरायचा पगार देतंय व्हय सरकार? मग आपलं अर्धं गाव भरती करा म्हणावं." आम्ही लई हसलो. दुष्काळाचं साल, हसायला दुसरं होतं काय?

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मागल्या हिवाळ्यात हे त्या घसरण्याच्या परीक्षेत नापास झाले होते. मांड्या भरून आल्या, पाय लटपटले, उतारावर मधेच बसले. साहेबानं येत्या हिवाळ्यात आणखी एकदाच बसू देतो म्हणून सांगितलेलं. पास झाले तर नव्या पोरांना शिकवायचं काम मिळणार होतं, आणि खाली छावणीत कुटुंबासाठी खोली. मला घेऊन जाता येणार होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि सगळ्या रजा मिळून आम्ही पाच महिने एका घरात राहिलो असू. त्यांची पत्रं दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून मी वाचायला शिकले, नाहीतर माझी शाळा दुसरीतच सुटलेली. ती खोली मला किती हवी होती ते आता काय सांगू.

तर बर्फ नसतो तेवढ्या दिवसांत पाय कमवायचे, असं ह्यांचं ठरलं. सकाळी सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीला पाठ लावायची आणि खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यागत बसायचं. आमच्या मातीच्या भिंतीचे पोपडे निघायचे, म्हणून ती सिमेंटची भिंत. मी शंभरापर्यंत मोजायची. त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या की मी मुद्दाम सावकाश मोजायची.

मग बारव. पाणी पार तळाला गेलेलं, पायऱ्या साठ-सत्तर. ह्यांचं म्हणणं, चढायला छाती लागते, पण उतरायला मांडी लागते, आणि बर्फावर सगळी उतरणच. म्हणून कावडीला दोन भरल्या घागरी लावून ते बारवेत उतरायचे, तशाच भरल्या वर आणायचे, पुन्हा उतरायचे. तिथं बाया रिकाम्या कळश्या घेऊन नंबर लावून उभ्या. ह्यांच्या घागरीतला थेंब सांडत नव्हता, तरी त्यांना ते बघवेना.

"पाणी माघारी द्यायला आलाव का, भावजी?" एकीनं विचारलं.

एक म्हातारी मात्र थट्टेत नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, भरली घागर परत खाली नेऊ देऊ नगंस. अशानं पाऊस वाटेतनंच माघारी फिरतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे रजा संपली की जाणार, मला त्याच बायांत उभं राहून पाणी भरायचं होतं. संध्याकाळी तेरणेच्या कोरड्या पात्रात गेले, पाटीनं वाळू वाहिली आणि पाण्याऐवजी वाळूनंच दोन्ही घागरी गळ्यापर्यंत भरून ठेवल्या. सकाळी ह्यांना म्हातारीचं बोलणं सांगितलं. त्यांनी वाळूची कावड खांद्यावर घेतली, तसेच थांबले.

"जड लागतंय गं."

"कालच्याच घागरी हायत, पाण्याच्या जागी वाळू, एवढंच," मी म्हणाले. "पाय थकलं असत्याल. आता दम सोडू नका."

त्यांनी माझं ऐकलं. रोज वीस खेपा. पंधरवड्यात उजवा गुडघा सुजला. निरगुडीचा पाला शेकून बांधला. आत्याबाई म्हणाल्या, चार दिवस बसू दे त्याला. ते बसलेही असते. मीच दुसऱ्या दिवशी कावड दारात आणून ठेवली.

हिवाळ्यात पत्र आलं. पहिल्याच उतारावर गुडघा फिरला होता, दवाखान्यातनं लिहिलेलं. मी दोनदा मनात वाचलं, मग आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि "लवकर बरं होईल" एवढं पदरचं घातलं. वर्षभरानं हे कायमचे घरी आले. पाय दुमडत नव्हता. पंगतीला बसायचं सुटलं, शेतात जायचं सुटलं. दिवसभर बाजेवर पाय लांब करून बसायचे.

पुढं काही वर्षांनी पडलेली भिंत बांधायला गवंडी आला. पाट्या मोडक्या, म्हणून मी घागरीनंच वाळू आणत होते. तो म्हणाला, "आक्का, घागरीनं नका आणू. पाण्याच्या दीडपट भरती वाळू. कंबरडं मोडंल."

मी घागर खाली ठेवली. इतकी साधी गोष्ट. हे समोरच बाजेवर होते. त्यांनी ऐकलं का, मला कळलं नाही. गवंड्यानं त्यांना पायाचं विचारलं, तर हे म्हणाले, "माझ्याच पायात दम नव्हता. हिनं लई केलं माझ्यासाठी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गवंड्याला चहाचं विचारलं. त्यानंतर सोळा वर्षं हे होते. येईल-जाईल त्याला तेच सांगायचे, माझ्याच पायात दम नव्हता म्हणून, आणि मी तिथंच बसून ऐकायची.