आधी आत गज घाला

एग्मोरच्या आमच्या दुकानात जुनी पिस्तुलं दुरुस्तीला यायची आणि प्रत्येकाबरोबर एखादा किस्सा यायचा. पिस्तुल परत जायचं, किस्सा आमच्याकडे राहायचा. हसण्यासारखे त्यातले थोडेच.

मालक वेंकटराव, तंजावरकडचे मराठी. त्यांचा नियम एकच. नळीत गज, म्हणजे ती साफ करायची लांब सळई, घालायचा, मग तोच बाहेरून नळीला लावून बघायचा. आत कमी उतरला असेल तर दारू भरलेली आहे. ती काढल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही.

टी. नगरचे एक सराफ आजोबांचं पिस्तुल घेऊन आले. "रिकामं आहे सार, आजोबांनंतर कोणी उडवलंच नाही."

गज मध्येच अडला. वेंकटराव म्हणाले, "उडवलं नाही, म्हणूनच आत आहे."

सराफ खुर्चीसकट मागे सरकले!

एक रिटायर्ड हेडक्लार्क तर समईबरोबर पिस्तुलालाही खोबरेल तेल घालत. ते चिकटून घोडा जाम. "मशीनचं दोन थेंब पुरे की," वेंकटराव रॉकेलने धुताना करवादले. "याला काय न्हाऊ घालायचंय?"

वेंकटरावांच्या डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धंच होतं. एकदा मी धीर करून विचारलं.

"गुरूंच्या घरचं पिस्तुल होतं. त्यांच्यासमोर गज घालायला लाज वाटली."

मग एका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गणपतराव आणि त्यांच्या पत्नी आले. पिस्तुल रेशमी वस्त्रात. दर वर्षी शस्त्रपूजेला बाई त्याला गंध-कुंकू लावायच्या. ते घोड्याच्या खाचेत वाळून बसलं होतं, म्हणून घोडा अर्ध्यावर अडकून ठरत नव्हता, आपोआप खाली पडायचा. आणि घोड्याखाली, आपटली की ठिणगी पाडून दारू पेटवणारी टोपी तशीच बसवलेली.

वेंकटरावांनी गज उचलला. गणपतरावांनी पिस्तुल मागे ओढलं. "चरबी लागलेला गज पूजेआधी नको, सार. पूजा होऊंदे, मग आणतो."

"वहिनी, निदान टोपी तरी काढू द्या." वेंकटरावांनी चक्क हात जोडले. त्यांना असं अजिजीनं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली.

"उद्याचाच तर प्रश्न," बाई हसून म्हणाल्या.

दसरा झाल्यावर गणपतराव एकटेच आले. पिस्तुल टेबलावर ठेवून उभे राहिले. टोपी फुटलेली होती. गज सरळ तळापर्यंत गेला. खाचेतलं कुंकू खरवडायला वेंकटरावांनी सुई घेतली.

गणपतरावांनी त्यांचा हात धरला.

"तेवढं राहूंदे, सार. तिनं लावलेलं आहे."