टॉवेलाखालचे सातशे

एकाहत्तर साली रंगनाथचा उजवा हात लुळा पडला आणि त्याच्या बायकोने, केशरबाईने ठरवलं, म्हशींचा धंदा आता आपण बघायचा. रंगनाथला हसू आलं. म्हणाला, "राहुरीच्या बाजारात या म्हशीला सातशे आणून दाव. धंदा तुझा. न्हाई तर कानिफला देतो." कानिफ म्हणजे कानिफनाथ, त्याचा धाकटा भाऊ.

आठ दिवस त्याने तिला डाव्या हाताने शिकवलं. भाव तोंडाने बोलायचा नाही, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट शंभर, सगळा पंजा पाचशे. "आन् तोंड कोरं ठेवायचं. भाकरी करपल्यावर करतीस तसलं न्हाई." केशरबाई चुलीपुढेही तोंड कोरं ठेवू लागली. मुलींना वाटलं, आई रुसलीय.

बाजारात आप्पासाहेब बागायतदारांनी म्हशीची धार काढून पाहिली. म्हैस पसंत पडली. केशरबाईने टॉवेल पुढे केला, तसे ते मागे सरले.

"वहिनी, चारचौघांत तुमचा हात कसा धरू?"

हे रंगनाथने शिकवलंच नव्हतं. भाव मोठ्याने सांगावा, तर तो सगळ्या बाजाराला कळणार. ती टॉवेल धरून तशीच उभी.

"माझा धर की," बैलगाडीच्या सावलीतून आप्पासाहेबांची आई साळूबाई उठली आणि तिने टॉवेलात हात घातला.

म्हातारीने सगळा पंजा धरला. पाचशे. केशरबाई पुढच्या बोटांची वाट बघत राहिली. म्हातारी सोडीचना, उलट अजून दाबू लागली. हे पाचशेच, की दोनदा पाचशे?

"आये, कितीवर आलं?"

"कशाचं किती? हात गार पडलाय हिचा. चोळतीय."

भोवतीचे व्यापारी हसले. केशरबाई तिच्या कानाशी वाकली. "आत्या, पंजा पाचशे, बोट शंभर," असं सांगून तिने म्हातारीचा पंजा धरला, मग दोन बोटं. साळूबाईने पंजा धरून एकच बोट दाबलं. केशरबाईने पुन्हा दोन. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ते कोरंच होतं. त्यावर काय आणावं, हेच केशरबाईला सुचत नव्हतं.

"सातशे दे रे हिला," साळूबाई म्हणाली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

घरी रंगनाथ म्हणाला, "जमलं तुला."

"काय जमलं? म्हातारीनं भाव केला का कीव केली?"

रंगनाथने डाव्या हाताने नोटा मोजल्या. "सातशे आले ना? धंदा तुझा," एवढंच तो म्हणाला.

केशरबाई टॉवेलाची घडी घालत बसली. पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक आईला घेऊन आलं नाही, तर हात कुणाचा धरायचा, हे दोघांनाही कळत नव्हतं.